तुर्भ्यातली नागीण

रविवारी सकाळी नऊ वाजता तुर्भ्याच्या ट्रकतळामागचं मैदान माणसांनी भरून जायचं. निळ्या ताडपत्रीचा मांडव, बाहेर चपलांचा ढीग आणि आत दोन-अडीचशे लोक एकाच गोष्टीकडे टक लावून बसलेले. शेषबाबांच्या गादीपुढे तांब्याच्या दोन पराती मांडलेल्या असत, त्यांच्याकडे.

परातींमध्ये म्हणे सात समुद्रांचं पाणी होतं. ज्याचे पाय दुखतात त्याने स्टुलावर बसायचं आणि दोन परातींत दोन पाय ठेवायचे. बाजूला लाल कापडाने झाकलेलं एक लहानसं जातं होतं. त्याचा खुंटा तेवढा कापडाबाहेर आलेला. बाबांनी हात वर केला की एक चेला खुंटा धरून जातं फिरवायचा, दुसरा घंटा बडवायचा आणि थोड्याच वेळात स्टुलावरची बाई दचकून म्हणायची, "आलं, पायात काहीतरी आलं."

"काय आलं, माय?" बाबा मऊ आवाजात विचारायचे.

"मुंग्या आल्यागत झालं बाबा. कोनतरी चावतंय."

"चावत नाही. नागीण दात काढतेय तुझ्या पायातून." मग बाबा लोकांकडे वळायचे. "या जमिनीखाली शेषाचं घराणं नांदत होतं. तुमच्या फॅक्टऱ्यांनी वारुळं फोडली, मोठे मोठे खांब ठोकले. मग त्या नागिणींनी जायचं कुठे? त्या तुमच्या तळपायांत शिरल्या. डॉक्टर काय म्हणतो? शुगर नाही. शुगर नाही, तर मग आहे कोण?"

"नागीण," शाळेतल्या पोरांसारखे दोन-अडीचशे लोक एका सुरात म्हणायचे.

१९९७ सालच्या जानेवारीतल्या अशाच एका रविवारी या लोकांच्या रांगेत ज्योतिबा फडतरे तोंड वाकडं करून उभा होता. ज्योतिबा मूळचा कोरेगावकडचा. आता वाशीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनमन होता, आणि नोकरीला त्याची सोळा वर्षं झाली होती. बुवाबाजीवरचं एकही व्याख्यान तो चुकवत नसे. चाळीत कुणाकडे सत्यनारायण असला तर प्रसाद खायला जायचा आणि खाता खाता यजमानाची थट्टाही करायचा. लोक त्याला हुशार मानत आणि टाळत. असा माणूस शेषबाबांच्या रांगेत उभा राहिला तो बायकोमुळे.

त्याची बायको उज्वला तुर्भ्याच्या एका बॅगांच्या कारखान्यात कामाला होती. चिकटाईच्या खात्यात. रेक्झिनच्या तुकड्यांना ब्रशने सोल्युशन लावायचं, थोडं सुकू द्यायचं आणि कडा जोडून दाबायच्या. दिवसाला शंभर-सव्वाशे बॅगा हाताखालून जायच्या. गणपतीनंतर तिच्या पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. दिवाळीपर्यंत तळपाय असे भाजायला लागले की ती ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपायची. मग ते भाजणं कमी होऊन त्या जागी बधिरपणा आला. चालताना पायातली चप्पल मागे राहायची आणि तिला चार पावलं गेल्यावर कळायचं. जिना चढताना पाऊल लटकायचं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने रक्त तपासलं. "शुगर नॉर्मल आहे, काही झालेलं नाही," तो म्हणाला. "टेन्शन घेऊ नका." लाल गोळ्या लिहून दिल्या.

ज्योतिबाने रिपोर्टाचा कागद दोनदा वाचला आणि निकाल दिला. "रिपोर्ट क्लिअर हाय. तुझं दुखणं पायात न्हाई, डोक्यात हाय."

उज्वलाने कागदाची घडी करून तो डब्यात ठेवला. त्यानंतर ती पायांबद्दल घरात बोललीच नाही. ज्योतिबाला वाटलं, बरं वाटतंय हिला.

पण कारखान्यात ती एकटी नव्हती. तिच्या शेजारी बसणाऱ्या, साताऱ्याकडच्याच बाळाबाईची पावलं तिच्याहून वाईट होती. दिवाळीनंतर आणखी पाचसहा जणी लंगडायला लागल्या. तेव्हा सुपरवायझर वामनराव एक दिवस खात्यात येऊन म्हणाले, "शेठनी तुमची काळजी केलीय. ट्रकतळामागे एक सिद्धपुरुष बसतात. शनिवारी अर्धी सुट्टी, रविवारी कंपनीचा टेम्पो. ज्यांचे पाय दुखतात त्यांनी जा." ज्या शेठने सहा वर्षांत दिवाळीला मिठाईचा डबा दिला नव्हता, तो टेम्पो देत होता. बायकांना भरून आलं.

घरी येऊन उज्वलाने एवढंच सांगितलं, "मी रविवारी जानार हाय. तुमी हसा नाहीतर काही करा."

"मी पन येतो," ज्योतिबा म्हणाला. त्याला वाटलं, फुकटात तमाशा बघायला मिळेल.

तर तो तमाशा बघत उभा होता. बाबा चाळिशीचे, दाढी काळीभोर, बोटांत पाच अंगठ्या. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि मध्येच अर्थ नसलेलं संस्कृत. "ॐ ह्रीं शेषाय फुत्काराय," असं म्हणून ते पाण्यावर फुंकर मारायचे. फुत्कार हा सापाचा की बाबांच्या दम्याचा, हे ज्योतिबाला कळेना. स्टुलावरच्या बाईने दचकून पाय वर घेतले की बाबा म्हणायचे, "बघा, निघाली." आणि त्या बाईला खरोखरच दोन दिवस हलकं वाटायचं. एवढ्या लोकांसमोर एवढा मोठा माणूस आपल्या पायांची चौकशी करतो, याचंच अर्धं औषध होत असावं. घरी कोणी तिच्या पायांची चौकशी करत नव्हतं.

बाळाबाई स्टुलावर बसली. जातं फिरलं, घंटा वाजली. बाळाबाई शांत. बाबांनी दोन बोटं हलवली, चेल्याने जोर लावला. बाळाबाई इकडेतिकडे बघत म्हणाली, "काय न्हाई बा."

बाबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. "हिची नागीण हाडात शिरली. हिला एकवीस रविवार यावं लागेल."

पुढे उज्वला. तिने साडी किंचित वर घेऊन पाय परातींत ठेवले. जातं फिरलं. ती वाट बघत बसली, जशी शाळेतली मुलगी निकालाची बघते. काहीच झालं नाही. जातं आणखी जोरात फिरलं. तिने ओठ आवळले आणि नकार दिल्यासारखी मान हलवली.

"हाडात," बाबा म्हणाले. "आणि एक ऐक, माय. काम सोडायचा विचार करशील तर सोडू नकोस. जिथे लागली, तिथेच उतरते ती. काम सोडलंस तर तुझ्या मागे घरी येईल. लेकरं किती तुला?"

"एक मुलगी."

"मग तिच्या पायाला लागेल."

उज्वलाचा चेहरा पांढरा पडला. ज्योतिबाचं तोंड मात्र वाकडं होतं ते सरळ झालं. गेल्या अर्ध्या तासात बाबांनी हे वाक्य निदान पाच जणींना सांगितलं होतं. काम सोडू नका. पायांतून नागीण काढणाऱ्या सिद्धपुरुषाला बॅगांच्या कारखान्याची हजेरी सांभाळायची काय पडली होती?

तो पुढे झाला. "बाबा, माझे पन पाय दुखतात. दिवसभर शिड्या चढतो."

"बस," बाबा उदारपणे म्हणाले.

ज्योतिबाने पाय पाण्यात ठेवले. तळाशी मिठाचे खडे टोचत होते. जातं फिरायला लागलं आणि त्याच्या दोन्ही तळपायांतून एक ओळखीची थरथर वर चढली. क्षणभर त्याला विश्वास बसेना, आणि मग हसू आवरेना. खेडेगावात पूर्वी हँडल फिरवून लावायचे ते फोन असत. हँडल फिरवलं की आतल्या मॅग्नेटोतून करंट निघतो आणि पलीकडच्या टोकाला घंटी वाजते. खांबावर चढून उघड्या तारा जोडताना कुणी तिकडून हँडल फिरवलं, तर हा करंट लाइनमनच्या बोटांत शिरतो. नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत, वाईकडच्या एका एक्स्चेंजवर, ज्योतिबाने हा झटका निदान शंभर वेळा खाल्ला होता. शेषाचं घराणं त्याला नावानिशी माहीत होतं.

"आली?" बाबांनी विचारलं.

"आली तर," ज्योतिबा हसत म्हणाला. त्याने हसतच उज्वलाकडे पाहिलं, आता हिला सांगतो गंमत म्हणून, आणि त्याचं हसू तिथेच थांबलं.

त्याच्यासाठी जातं हळू फिरलं होतं. तेवढ्यानेही त्याच्या पोटऱ्या ताठल्या होत्या. उज्वलाच्या वेळी चेल्याने घाम येईपर्यंत जातं फिरवलं होतं आणि तिला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं.

बाबा खोटा होता, यात शंका नव्हती. पण परातीतला करंट खरा होता. मग उज्वलाचे पाय?

तो काही न बोलता उठला, तिचा हात धरला आणि मांडवाबाहेर आला. घरी आल्यावर त्याने तिला कॉटवर बसवलं. "डोळे मिट. मी कुठल्या बोटाला हात लावतो सांग."

तिने डोळे मिटले. त्याने अंगठा दाबला, करंगळी दाबली, चमच्याचं थंड टोक तळव्याला लावलं, शेवटी सेफ्टी पिनचं टोक टेकवलं. ती डोळे मिटून तशीच बसून राहिली. जरा वेळाने म्हणाली, "लावा की. वाट बघतेय मी."

ज्योतिबाने पिन बाजूला ठेवली. तिचं पाऊल मांडीवर घेतलं. "उज्वला," तो म्हणाला, "डोक्यात हाय म्हनलो ते चुकलं माझं. तुझे पाय खरंच आजारी हायत."

"मी तरी दुसरं काय म्हनत होते?" ती म्हणाली. दोन महिन्यांनी ती पायांबद्दल बोलत होती आणि रडत होती. "तुमी बाबाला लबाड म्हनता. पन त्याने माझं दुखनं खरं धरलं. तुमी धरलं न्हाई."

ज्योतिबाने एवढी व्याख्यानं ऐकली होती, पण त्यांतलं एकही वाक्य त्याच्या उपयोगाला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याने उज्वलाला आणि बाळाबाईला वाशीच्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. तिथे डॉ. वैजयंती सामंत आठवड्यातून दोन दिवस बसायच्या. मूळच्या मालवणकडच्या, बोलायला तुटक, पण तपासायला घाई नाही. त्यांनी उज्वलाच्या गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली, टाचेमागे मारून पाहिली. पाऊल हललंच नाही. मग एक धातूचा चिमटा वाजवून त्याचं थरथरतं टोक पायाच्या अंगठ्यावर ठेवलं.

"थरथर कळते?"

"न्हाई."

"इथे, घोट्यावर?"

"न्हाई."

"गुडघ्यावर?"

"इथं कळतंय."

बाळाबाईचंही तसंच. ज्योतिबाने शुगरचा रिपोर्ट पुढे केला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि परत दिला. "शुगर नाही, एवढंच यातून कळलं. मधुमेहाने नसा खराब होतात हे आता सगळ्यांना पाठ झालंय, म्हणून तो नसला की डॉक्टरही हात झटकतात. पण नसा बिघडायला इतर कारणं थोडी आहेत का? दारूने बिघडतात. शरीरात एक जीवनसत्त्व कमी पडलं तर बिघडतात. टीबीच्या गोळ्यांनी, थायरॉइडने, कुष्ठरोगाने. नागीण नावाचा रोगही खरोखर आहे, त्यात एका बाजूला फोड येतात आणि आग होते. पण तो जमिनीतून येत नाही, आणि दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखा वर चढत नाही. तुम्ही दोघी दारू पिता?"

"न्हाई ओ मॅडम," बाळाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली.

"टीबी वगैरे?"

"न्हाई."

"दोघी नात्यात?"

"न्हाई. शेजारी बसतो कामावर."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "काम काय करता?"

आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सांगायला लागल्या. सोल्युशन, ब्रश, रेक्झिन. पूर्वी डबे वेगळे यायचे, पावसाळ्यापासून नवे यायला लागले. नवं सोल्युशन पातळ, लवकर सुकतं, म्हणून शेठ खूश. वास गोडसर, पेट्रोलसारखा. दुपारपर्यंत डोकं जड होतं. डॉक्टरांनी विचारलं, आणि खिडक्या?

"खिडक्या बंदच असतात," उज्वला म्हणाली. "बाहेर ट्रकची धूळ असते ना. ती ओल्या सोल्युशनवर बसते आनि माल खराब होतो, म्हणून वामनरावांनी खिळे ठोकून घेतल्यात."

"पंखा?"

"त्याने पन धूळ उडते."

डॉक्टर खुर्चीला टेकल्या. "त्या डब्यावर काय लिहिलंय, जमेल तर उतरवून आणा. माझा अंदाज सांगू? सोल्युशन पातळ करायला हेक्झेन नावाचं द्रव वापरतात. त्याची वाफ होते. बंद खोलीत रोज नऊ तास ती वाफ छातीत गेली की रक्तातून नसांपर्यंत पोचते आणि नसा टोकापासून मरायला लागतात. ज्या नसा सगळ्यांत लांब, त्या आधी. म्हणून पावलं आधी, मग पोटऱ्या, मग हात. काम थांबवलं नाही तर पुढच्या वर्षी तुम्ही चालणार नाही."

"मग नवी गोळी देता का?" बाळाबाईने विचारलं.

"गोळी नाही. वाफ थांबवायची, हेच औषध. आणि आताच सांगून ठेवते, काम सोडल्यावर पहिले एक-दोन महिने दुखणं आणखी वाढेल. आत शिरलेलं विष लगेच निघत नाही. घाबरायचं नाही. मग हळूहळू उतरेल. वर्ष लागेल, काहींना दोन. थोडं कायमचंही राहील कदाचित."

दुसऱ्याच दिवशी उज्वला डब्यावरचं नाव तळहातावर बॉलपेनने लिहून घेऊन आली. डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात दोघींच्या नसांची तपासणी झाली, त्या तपासणीतही तेच निघालं.

परातीतल्या करंटचं उज्वलाला सगळं सांगून ज्योतिबा आता बाबांचा मांडव उखडायला निघाला. एक्स्चेंजच्या भंगारातून त्याने जुनी टेलिफोनची घंटी मागून घेतली. "सगळ्यांसमोर त्याची दाढी उतरवतो," तो म्हणाला.

"दाढी उतरवून काय करनार?" उज्वला म्हणाली. "बायका म्हनतील, फडतऱ्याला देव मान्य न्हाई म्हणून बोलतोय. तुमी मागं रहा. मी बोलते."

"तुला काय बोलता येनार?"

तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ज्योतिबाने घंटी पिशवीत ठेवली. अलीकडे त्याला लवकर गप्प होता येत होतं.

पुढच्या रविवारी गर्दी आणखी होती. वामनराव पांढरा सफारी घालून गादीशेजारी बसले होते. उज्वलाचं नाव पुकारलं गेलं. ती हळूहळू पाय टाकत आली, स्टुलावर बसली, पाय परातींत ठेवले. जातं फिरायला लागलं.

"काही कळतं, माय?"

"न्हाई बाबा."

"हाडात आहे ना."

"व्हय, हाडात हाय," उज्वला म्हणाली, "म्हणून तर मला भीती वाटत न्हाई." आणि ती खाली वाकली. एका हाताने तिने परात कलती केली. पाणी सांडलं. परातीच्या बुडाला झाळलेली एक तांबडी तार होती, प्लास्टिकचं वेष्टण असलेली. उज्वलाने ती तार चिमटीत धरली आणि शेतात वेल ओढतात तशी ओढायला लागली. सतरंजीखालून तार वर येत गेली, गादीच्या कडेने, घंटेवाल्याच्या मांडीखालून, थेट लाल कापडापर्यंत.

"पाप लागेल," बाबा म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता.

"पायाला लागत न्हाई, आनि काय लागनार?" असं म्हणून तिने कापड ओढलं.

जातं कसलं, सिमेंटची पोकळ चकती होती. तिच्या पोटात मॅग्नेटो बसवलेला. चेला खुंट्यावरचा हात काढायचाही विसरून गेला होता. ज्योतिबा पुढे झाला. त्याने पिशवीतून घंटी काढली, परातींच्या दोन्ही तारा तोडून घंटीला लावल्या आणि चेल्याला म्हणाला, "फिरव."

चेल्याने बाबांकडे पाहिलं. मग मांडवात पुढेच बसलेल्या चार धिप्पाड माथाडी हमालांकडे पाहिलं. त्याने खुंटा फिरवला.

घंटी वाजली. मांडवभर टेलिफोनची घंटी, खणखणीत. मागे कोणीतरी सवयीने म्हणालं, "अरे उचला की." आणि जो हशा पिकला तो दोन-तीन मिनिटं थांबेना.

"ही तुमची नागीण," ज्योतिबा म्हणाला. "गावाकडच्या पोस्टातल्या फोनमध्ये तीच राहायची. करंट हाय नुसता. पानी खारं केलं की नीट लागतो. घंटा कशाला बडवतात? मॅग्नेटोची घरघर ऐकू येऊ नये म्हणून."

बाबा सावरले. "यंत्र हे शक्तीचं वाहन आहे," ते म्हणाले. "आणि यांना गुण आला की नाही, यांनाच विचारा."

काही बायका खरोखर हो म्हणाल्या. केशरबाई नावाची एक म्हातारी चिडून उठली. "करंट तर करंट. मला बरं वाटतंय. तू का मोडता घालतोस?"

ज्योतिबाच्या ओठांवर एक टोमणा आला होता. तो त्याने गिळला. उज्वलाच बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मांडव ऐकत होता.

"मावशी, तुमचं खरं असेल. मी भांडायला आले न्हाई. मला एकच विचारायचंय. बाबांनी ज्यांची ज्यांची नागीण हाडात गेली म्हनून सांगितलं, त्यांनी जरा उठा."

बायका एकमेकींकडे बघत उठल्या. काहींना शेजारणीच्या खांद्याला धरून उठावं लागलं. एकोणीस जणी.

"आता सांगा, कामाला कुठं?"

एकोणीस जणी एकाच कारखान्यातल्या होत्या. उज्वलाने पुढे विचारलं, "खातं कुठलं?"

"चिकटाई," पहिली म्हणाली. दुसरी म्हणाली, चिकटाई. तिसरीने वामनरावांकडे पाहिलं, कारण आता तिला कळलं होतं.

"शिलाईखात्यातली एक तरी हाय का? पॅकिंगमधली? त्याच जमिनीवर बसतात की त्या. एकच शेड, मध्ये नुसतं पत्र्याचं पार्टिशन. त्यांच्या खिडक्या उघड्या हायत आनि सोल्युशन आपल्याकडे. नागीण पार्टिशन ओळखते काय?"

वामनराव उठून बाहेर जायला लागले. बाळाबाई वाटेत उभी होती, काठी टेकून. "साहेब," ती म्हणाली, "बाबा म्हनतो काम सोडू नका, आनि टेम्पो तुमचा. बसा की जरा."

त्या दिवशी मांडव उखडला नाही. उखडावा लागलाच नाही. बुधवारी ताडपत्र्या, पराती आणि बाबा, तिन्ही एका टेम्पोत गेले. टेम्पो कारखान्याचाच होता, हे बऱ्याच जणांनी पाहिलं. पुढे पनवेलच्या बाजूला शेषबाबा कंबरदुखी बरी करतात असं कानावर आलं. तिथे ते कुठल्या प्राण्याला राबवतात ते कळलं नाही. असल्या माणसाला लाज वाटून तो सुधारला, असं सांगितलं असतं तर गोष्ट गोड झाली असती, पण ती खोटी झाली असती. लाज वाटायला आधी आपल्या बोलण्यावर आपला विश्वास असावा लागतो. त्याला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं की परातीखाली तार आहे.

कारखान्याचं प्रकरण इतकं झटपट मिटलं नाही. एकोणीस जणी कामावर जायच्या थांबल्या. डॉ. सामंतांनी प्रत्येकीला तपासून लेखी दिलं. अर्ज झाले, चकरा झाल्या. शेठने आधी म्हटलं की बायका नाटक करतात. मग म्हटलं की डॉक्टरला पैसे चारले. चार महिन्यांनी सरकारी माणूस येऊन गेला, तेव्हा खिडक्यांचे खिळे निघाले, भिंतीत हवा खेचणारे पंखे बसले आणि जुन्या प्रकारचं सोल्युशन परत आलं. इलाज अखेर हातोडी आणि चार पंख्यांचा होता. तो न करण्यासाठी शेठने एक अख्खा देव उभा केला होता.

मधले दोन महिने मात्र सगळ्यांत वाईट गेले. काम सुटल्यावर उज्वलाचे पाय सुधारण्याऐवजी बिघडले. हाताची पकड गेली, तिला पोळी लाटता येईना. ज्योतिबा पोळ्या लाटायचा आणि मुलगी प्रियदर्शिनी त्याच्या पोळ्यांचे आकार बघून हसायची. केशरबाई दारात येऊन म्हणाली, "बाबा सांगत होता, काम सोडू नको. बघ आता. उद्या पोरीला लागंल."

उज्वला त्या दिवशी घाबरली. माणसाचं शरीर खाली जात असताना धीर धरणं सोपं नसतं. तिने ज्योतिबाला विचारलं, "आनि ती खरं बोलत असली तर?"

ज्योतिबा पूर्वीचा असता तर हसला असता. आता तो तिच्याजवळ बसला. "डॉक्टरनी काय सांगितलं होतं, आठव. आधी वाढेल म्हनल्या होत्या. वाढायच्या आधी सांगितलं होतं. बाबा काय करतो, झालं की मग सांगतो. हाडात गेली म्हनतो, कारन करंट लागला न्हाई. आनि पोरीचं म्हनशील, तर पोरगी कुठं बसते सोल्युशनजवळ?"

उज्वलाने दप्तर आवरणाऱ्या प्रियदर्शिनीकडे पाहिलं. "व्हय," ती म्हणाली. "ती शाळेत जाते."

एवढं साधं होतं ते. आणि एवढंच सांगायला माणूस शेजारी लागतो.

पाय सावकाश सुधारले. आधी घोट्यांना गार पाणी कळायला लागलं, मग आठवड्यांच्या अंतराने तळव्यांना. वर्षाने उज्वला चप्पल न सोडता वाशीच्या बाजारापर्यंत चालत जाऊन येई. बाळाबाईची काठी सुटली नाही. तिचं वय आणि आधीपासून जास्त बिघडलेल्या नसा, दोन्ही भोवलं. नागीण हाडात शिरली म्हणून तिला एकवीस रविवार यायला सांगितलं होतं. ते एकवीस रविवार ती गेली असती, आणि बाकीचे सहा दिवस कामावर, तर आज काठीवरही उभी राहिली नसती.

आता ज्योतिबा स्वतः व्याख्यानं देतो. घंटी आणि मॅग्नेटो घेऊन जातो, लोकांना करंट देतो, लोक हसतात. मग तो थांबतो आणि सांगतो की हसणं झालं असेल तर ऐका. तुमचे पाय जळत असतील, बधिर होत असतील, तर ते खरं आहे. रिपोर्टात शुगर आली नाही म्हणून ते खोटं होत नाही. त्याला कारण असतं. ते जेवणात असेल, बाटलीत असेल, औषधात असेल, कामाच्या जागी असेल, पण असतं, आणि शोधलं तर बहुतेक वेळा सापडतं. डॉक्टर म्हणाला काही नाही, तर दुसऱ्याकडे जा आणि आपण दिवसभर काय करतो, काय खातो, कशाचा वास घेतो, ते त्याने न विचारताही सांगा. आपल्यासारखंच आणखी कुणाला होतंय का ते पाहा, आणि कुणाला होत नाही तेही पाहा. घरातलं कुणी दुखतंय म्हणालं तर त्याला वेडं ठरवू नका. मी ठरवलं होतं. बायकोला मांडवापर्यंत नेणारी पहिली चूक माझी होती, बाबांची दुसरी.

हे शेवटचं वाक्य तो प्रत्येक वेळी म्हणतो. उज्वला मागच्या रांगेत बसलेली असते आणि त्याने ते गाळलं तर नाही ना, याकडे तिचं लक्ष असतं.